गाडी ड्रायव्हर चालवतो, वेळ कोण ठरवतं?

(देवळी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय कागदावर असा दिला आहे : कामानिमित्त गाडी चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांची रस्ता सुरक्षा. असा विषय म्हटला की आपल्याला वाटतं, आता हेल्मेट घाला, सीटबेल्ट लावा, दारू पिऊन गाडी चालवू नका, हे तीन उपदेश ऐकायचे आणि मग चहा घ्यायचा. ते तिन्ही उपदेश खरे आहेत. पण ते सगळे ड्रायव्हरला केलेले आहेत. आज आपण ड्रायव्हरला फारसं काही सांगणार नाही. आपल्याला बोलायचं आहे ते त्याला गाडीवर पाठवणाऱ्या माणसाशी. मालक, मॅनेजर, सुपरवायझर, शाखा अधिकारी, ठेकेदार, जो कोणी असेल तो.

आधी हे बघू की कामासाठी गाडी चालवणारा म्हणजे नेमका कोण. देवळीत हा प्रश्न विचारला तर लोक एमआयडीसीकडे बोट दाखवतात. लोखंडाचे ट्रेलर, ट्रक, कापसाच्या हंगामात जिनिंगवर लागणाऱ्या गाड्या. बरोबर आहे, पण तो अर्धाच हिशोब झाला. महावितरणचा लाइनमन मोटरसायकलवर फिरतो, त्याच्या मागे शिडी बांधलेली असते. पतसंस्थेचा वसुलीवाला दिवसाला सात-आठ गावं करतो. बियाणे कंपनीचा फील्डवरचा पोरगा, औषध कंपनीचा एमआर, कृषी सहायक, तलाठी, आशाताई, दुधाची गाडी, कुरिअरवाला. आणि वर्ध्याहून रोज अपडाऊन करणारे मास्तर, बँकवाले, कारकून. यांच्यापैकी कोणाच्या नेमणूकपत्रात ‘चालक’ असं लिहिलेलं नाही. म्हणून त्यांच्या संस्थेच्या हिशोबात ते रस्त्यावर नसतातच. अपघात झाला की मग कळतं, अरे, हा आपल्याच कामाला निघाला होता.

आकडे एकदाच सांगतो, पुन्हा त्रास देणार नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली १५,२२४ महाराष्ट्रातली. हेल्मेट न घातलेली ५०,०२९. अपघात सगळ्यांत जास्त कधी होतात, तर संध्याकाळी ६ ते ९. म्हणजे काम सुटण्याची, शेवटची वसुली उरकण्याची, घरी परतण्याची वेळ. यातले किती जण कामावर होते हे अहवाल वेगळं काढून सांगत नाही. कारण पोलिसांच्या कागदावर गाडीचा प्रकार लिहितात, रस्ता लिहितात, हेल्मेट होतं का ते लिहितात. माणूस कोणाच्या कामाला निघाला होता आणि त्याला किती वाजता पोचायला सांगितलं होतं, हे कोणी विचारत नाही. आमचं सगळं म्हणणं याच एका न विचारलेल्या प्रश्नाभोवती आहे.

आता आपला रस्ता. वर्धा-यवतमाळ रस्ता, आता राष्ट्रीय महामार्ग ३६१, नागपूरहून तुळजापूरला जाणारा. रस्ता रुंद झाला, चांगला झाला, याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण रस्त्याबरोबर आणखी एक गोष्ट बदलली आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. ती म्हणजे ऑफिसात बसलेल्या माणसाच्या डोक्यातली वेळ. पूर्वी साहेब म्हणायचे, ‘वर्ध्याहून येऊन राहिला ना, ये आरामात.’ आता म्हणतात, ‘चौपदरी झाला रस्ता, पंधरा मिनिटांत ये.’

हिशोब करून बघू. देवळी ते वर्धा साधारण १८ किलोमीटर धरा. ताशी ६० ने गेलं तर १८ मिनिटं लागतात. ८० ने गेलं तर साडेतेरा. वाचली साडेचार मिनिटं. चहाचा कपसुद्धा इतक्यात संपत नाही. आणि त्या साडेचार मिनिटांसाठी धडकेचा जोर किती वाढला? वेगाच्या वर्गाच्या पटीत, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडा जास्त. शाळेत शिकलेलं गणित आहे हे. पण ‘पंधरा मिनिटांत ये’ म्हणणाऱ्याने ते केलेलं नसतं, आणि ऐकणाऱ्याला करायची सोय नसते.

रस्ता रुंद झाला तरी त्याच्या कडेचं जग तेच आहे. कापसाच्या दिवसांत बिनलाइटच्या बंड्या आणि मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या अंधारात निघतात. शेतात जायला एक किलोमीटरचा फेरा पडतो म्हणून लोक राँग साइडने येतात. रोही आडवा येतो, रानडुक्कर येतं. सेलसुऱ्याचा पूल तर सगळ्यांना माहीत आहे. २४ जानेवारी २०२२ च्या रात्री तिथे गाडी पुलावरून खाली गेली आणि सावंगीचे सात वैद्यकीय विद्यार्थी गेले. ती मुलं कोणाच्या ड्यूटीवर नव्हती, त्यामुळे ते आजच्या विषयातलं उदाहरण नाही. पण त्याच पुलावरून रात्री साडेअकराला कितीतरी माणसं ड्यूटी म्हणून जातात. त्या वेळी त्या रस्त्यावर असणं हे ज्याने ठरवलं, तो घरी झोपलेला असतो.

आता कायद्याकडे येऊ. इथे थोडं थांबावं लागेल, कारण हे कलम फार कमी लोकांनी वाचलेलं आहे आणि आमच्या मते या विषयातलं ते सगळ्यांत शहाणं कलम आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८३. लोक समजतात की हे ओव्हरस्पीडचं कलम, कॅमेऱ्याने फोटो काढला की चलान येतं ते. तेच आहे. पण नीट वाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या पहिल्याच उपकलमात वेगमर्यादा मोडून गाडी चालवणारा आणि आपल्या नोकराला तशी चालवायला लावणारा, दोघेही एकाच रांगेत उभे केले आहेत. आणि उपकलम ४ त्याहून पुढे जातं. त्याचा अर्थ साध्या भाषेत असा : एखादं वेळापत्रक काढलं, किंवा अमुक प्रवास अमुक वेळेत पुरा कर असा हुकूम दिला, आणि न्यायालयाला असं दिसलं की वेगमर्यादा न मोडता तो प्रवास तेवढ्या वेळात होणं शक्यच नव्हतं, तर ते वेळापत्रक किंवा तो हुकूम हाच हुकूम देणाऱ्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा.

याचा अर्थ काय झाला? तुम्ही व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘दोन तासांत गाडी लागली पाहिजे,’ आणि अंतर आहे १४० किलोमीटर, आणि गाडी आहे माल भरलेला ट्रक. तो मेसेज म्हणजे पुरावा. ड्रायव्हरचा नव्हे, तुमचा.

दंड लहान आहे, हलक्या गाडीला एक ते दोन हजार, जड गाडीला दोन ते चार हजार. त्यामुळे कोणी घाबरत नाही. पण दंडाची रक्कम सोडा, त्यातला विचार पाहा. वेग हा नेहमी ड्रायव्हरच्या पायातून येत नाही, कधी कधी तो ऑफिसातल्या टेबलावर तयार होतो, हे कायदा करणाऱ्याला माहीत होतं. हे आपल्या पोलिसांच्या फिर्यादीत कधी उतरत नाही. तिथे ठरलेलं वाक्य असतं, ‘हयगयीने व भरधाव वेगाने वाहन चालवून’. कर्ता एकच, चालक.

जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांचा संप झाला तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, आठवत असेल. नव्या न्यायसंहितेत अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं कलम आलं होतं, त्याविरुद्ध तो संप होता. ते उपकलम पुढे लागू न करता बाजूला ठेवलं गेलं. संप बरोबर की चूक यात आपण पडत नाही. पण त्या दिवसांत ड्रायव्हर लोक एक गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होते ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे : गाडी मालकाची, माल शेठचा, वेळ ट्रान्स्पोर्टवाल्याची, आणि जेल आमची.

वेगाचं झालं. आता झोपेचं. इथे हिशोब जास्त अवघड आहे, कारण झोप कॅमेऱ्यात दिसत नाही.

एक दिवस डोळ्यांसमोर आणा. काल्पनिक आहे, पण एमआयडीसीच्या गेटवर उभं राहिलं तर ओळखीचा वाटेल. ड्रायव्हर पहाटे ६ ला उठला. १० वाजता गाडी गेटवर लावली. आत आधीच गाड्यांची रांग. नंबर लागला संध्याकाळी ७ ला. लोडिंग, वजनकाटा, बिल्टी, ताडपत्री, दोरखंड, साडेआठला गाडी बाहेर. जायचं आहे ३०० किलोमीटर, सकाळी ६ ला माल उतरला पाहिजे. मॅनेजर म्हणतो, ‘साडेनऊ तास दिले की भाऊ, घाई कुठे आहे?’ आणि खरंच, ताशी ४० ची सरासरी धरली तर साडेसात तास चालवणं, एक तास जेवण आणि चहा. वेगमर्यादा मोडायची गरज नाही. चालवणं आठ तासांच्या आत. कागदावर सगळं स्वच्छ.

पण पहाटे ५ ला हा माणूस २३ तास जागा आहे.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खाली येते. आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा आहे ०.०३. म्हणजे आपला ड्रायव्हर रात्री ११ च्या पुढे, एक थेंबही न घेता, त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला आहे. दारू प्यायलेल्याला आपण चावी देत नाही, ते बरोबरच करतो. याला मात्र आपणच चावी दिली आणि वरून म्हटलं, ‘नीट जा.’

मग ते दहा ते सातचे नऊ तास कुठे गेले? तो तर बसून होता ना? हीच तर गंमत आहे. मोटर वाहतूक कामगार कायदा, १९६१, याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवलं, सलग ५ तासांच्या वर काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला तो कायदा होता, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने तेच तास मालवाहू आणि प्रवासी गाड्या चालवणाऱ्यांना जोडून दिले. त्या कायद्यात कामाचे तास म्हणजे काय याची व्याख्या आहे : गाडी चालवण्याचा वेळ, त्याला जोडून येणारी किरकोळ कामं, आणि ठिकाणावर नुसतं थांबून राहण्याचा १५ मिनिटांपेक्षा कमी वेळ. त्याहून जास्त थांबलात तर तो वेळ कामात धरायची सक्ती नाही. म्हणून कायद्याने दुसरी कडी लावली होती, की विश्रांती धरून सगळा दिवस १२ तासांच्या वर पसरता कामा नये. आता हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आठ तासांचा पाया तिथेही आहे. पण पहिली कडी सगळे मोजतात आणि दुसरी कोणी बघत नाही, हे १९६१ पासून चालत आलेलं आहे.

रांगेत थांबणं म्हणजे विश्रांती नव्हे. केबिनमध्ये मे महिन्यात बसून बघा. वर्ध्याचा पारा ४५ च्या वर, डोक्यावर पत्रा, नंबर कधीही लागेल म्हणून डोळा मिटायची चोरी. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची केली आहे, चांगलंच झालं. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून कित्येक वर्षं चालणार आहेत.

यावर उपाय काय? ड्रायव्हरला ‘झोप पूर्ण घ्या’ असा फलक लावणं हा नव्हे. गेटवर एक खोली, चार खाटा, पंखा, पिण्याचं थंड पाणी आणि एक साधा नियम : नंबर लागायच्या अर्धा तास आधी फोन येईल, तोवर झोपा. किंवा सरळ गाड्यांना वेळ वाटून द्या, दहाची गाडी दहाला, दोनची दोनला. आणि लोडिंग सातला संपलं तर गाडी रात्री सोडू नका, पहाटे सोडा, माल दुपारी उतरेल. याला खर्च किती येतो? खाटांचा आणि पंख्याचा. बाकी सगळा गिऱ्हाइकाला एक फोन करण्याचा खर्च आहे, आणि तोच फोन करायला लोकांना जड जातं.

१ जुलै २०२३ ची पहाट सगळ्यांना आठवते. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली आणि २५ जण गेले. वेळ रात्री दीडच्या सुमाराची. टायर फुटला की डुलकी लागली, यावर तेव्हा बराच वाद झाला. तो तपास करणाऱ्यांचा विषय. आम्हाला त्यात एवढंच सांगायचं आहे की सरळ, रिकामा, न वळणारा रस्ता थकलेल्या माणसाला झोपवतो, आणि मध्यरात्र ते पहाट हा शरीराचा झोपेचाच वेळ आहे. चांगला रस्ता हे थकव्यावरचं औषध नाही. उलट खड्डे ड्रायव्हरला जागं ठेवतात, असं एक ड्रायव्हर आम्हाला म्हणाला होता. तो विनोद करत होता की नाही, ते कळलं नाही.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण, मुंबईचं. ९ डिसेंबर २०२४, कुर्ला. बेस्टसाठी ठेकेदाराकडून चालणारी विजेवरची मोठी बस गर्दीत घुसली, कित्येक माणसं चिरडली गेली. चालकाला आधी साध्या गिअरच्या गाड्यांची सवय होती आणि या नव्या प्रकारच्या बसचं प्रशिक्षण फार थोडं झालं होतं, असं पुढे आलं. लायसन्स होतं की नव्हतं हा प्रश्नच नाही. लायसन्स हे सांगतं की या माणसाला या वर्गाची गाडी चालवायची परवानगी आहे. ही गाडी त्याला येते का, हे पाहणं गाडी देणाऱ्याचं काम. आपल्याकडे नवी पिकअप येते, मालक चावी फेकतो, ‘घे, एसी आहे हिला.’ झालं प्रशिक्षण. भरलेली गाडी किती अंतरात थांबते, रिव्हर्सला मागचं काय दिसत नाही, पावसात ब्रेक कसा लागतो, हे एखाद्या जुन्या माणसाने शेजारी बसून दोन दिवस दाखवावं लागतं. त्या दोन दिवसांचा पगार हाच प्रशिक्षणाचा खर्च.

आणि ठेकेदाराचा मुद्दा. ‘गाडी आमची नाही, ठेकेदाराची आहे’ हे वाक्य आपण सगळीकडे ऐकतो. गाडी ठेकेदाराची असेल, पण शिफ्टची वेळ कोणाची? कामगारांना सात वाजता गेटवर आणा हे कोणी सांगितलं? तीच गाडी आधी दुसऱ्या कंपनीची रात्रपाळी सोडून आली आहे का, हे कोणी विचारलं? निविदा काढताना सगळ्यांत कमी दर भरणाऱ्याला काम द्यायचं, आणि तो दर ड्रायव्हरच्या झोपेतून काढला जातो हे माहीत नसल्यासारखं करायचं.

मोटरसायकलवाल्यांचं अजून राहिलं. खरं तर संख्येने हेच जास्त आहेत, आणि यांच्याबाबतीत संस्था सगळ्यांत कमी विचार करतात. एक हेल्मेट दिलं की संपलं. आम्हाला विचाराल तर वसुलीच्या माणसाच्या सुरक्षेची पहिली फाइल म्हणजे त्याच्या टार्गेटचा कागद. दिवसाला आठ गावं, प्रत्येक गावात बैठक, शेवटची बैठक साडेसहाला, मग पैसे शाखेत भरायचे. म्हणजे रोकड घेऊन अंधारात एकट्याने गाडी पळवायची. गावांचा क्रम बदलून लांबची गावं सकाळी आणि शाखेजवळची संध्याकाळी घेतली तर अंधारातले किलोमीटर निम्म्यावर येतात. एक पैसा लागत नाही. नकाशा पुढ्यात घेऊन अर्धा तास बसावं लागतं.

आणि फोन. गाडी चालवताना फोन उचलू नका, असं परिपत्रक काढतात. मग त्याच साहेबांचा फोन येतो, ‘कुठे पोचला?’ उचलला नाही तर संध्याकाळी बोलणी. नियम फोन करणाऱ्याला लावला पाहिजे. माणूस रस्त्यावर आहे हे माहीत असताना फोन करायचा नाही. तो थांबल्यावर स्वतः करेल. ज्या दिवशी साहेब हे पाळतील त्या दिवशी परिपत्रकाची गरज उरणार नाही.

‘गेटच्या बाहेर आमचा संबंध नाही,’ असंही खूप जण म्हणतात. त्यांच्यासाठी एक निकाल सांगतो. आपल्याच महाराष्ट्रातला, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला. एका साखर कारखान्याचा वॉचमन, ड्यूटी पहाटे ३ ते सकाळी ११. २२ एप्रिल २००३ ला मोटरसायकलवर कामाला निघाला, कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. मागे बायको, चार लेकरं, म्हातारी आई. कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी भरपाई मंजूर केली, ती उच्च न्यायालयात रद्द झाली, कारण अपघात कामावर झालेला नव्हता, कामावर जाताना झाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २९ जुलै २०२५ ला, म्हणजे बावीस वर्षांनी, निकाल त्या कुटुंबाच्या बाजूने लागला. न्यायालयाने म्हटलं की घरून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघात, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर नोकरीतूनच उद्भवलेला धरावा. राज्य विमा कायद्यात २०१० मध्ये कलम ५१-ई घालून हे आधीच केलेलं होतं. या निकालाने १९२३ च्या भरपाई कायद्यालाही तोच अर्थ लावला.

पहाटे तीनची ड्यूटी कोणी ठरवली? वॉचमनने नव्हे. त्या वेळी ना एसटी असते, ना ऑटो. तो मोटरसायकलनेच जाणार, अंधारातच जाणार. शिफ्टची वेळ ठरवली की रस्त्यावरचा धोकाही ठरला. देवळी तालुक्यात रात्री अकराला पाळी सुटल्यावर किती जण आठ-दहा किलोमीटरवरच्या गावांना दुचाकीने जातात, हे प्रत्येक कारखान्याला गेटवरच्या रजिस्टरवरून एका संध्याकाळी काढता येईल.

एसटीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण आपल्याकडे हा विषय कोणी सर्वांत जुन्या काळापासून हाताळला असेल तर एसटीने. वाहन परीक्षक, लॉगशीट, वेगनियंत्रक, २५ वर्षं विनाअपघात सेवा केलेल्या चालकाचा बिल्ला देऊन सत्कार. त्या बिल्ल्याची शान असते, गावात सांगतात लोक. त्याच एसटीत मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर गावात गाडीतच किंवा टपावर अंग टाकतो आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन निघतो, हेही आपण पाहिलेलं आहे. बिल्ला आणि टप, दोन्ही एकाच महामंडळाचे. बिल्ल्याबद्दल आमची एक छोटी कुरकुर आहे. ज्याला अपघात न झाल्याचं बक्षीस मिळतं तो बारीकसारीक घासाघीस सांगत नाही. आणि मोठ्या अपघाताची बातमी नेहमी बारीक घासाघिशीतून आधी येत असते. म्हणून आम्ही गाड्या बाळगणाऱ्यांना सांगतो, एक ‘थोडक्यात वाचलो’ वही ठेवा. कोणाला ओरडा नाही, नाव लिहायची सक्ती नाही. कुठे, किती वाजता, काय झालं, एवढंच. दोन महिन्यांत त्या वहीत एकच वळण, एकच वेळ किंवा एकच गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा यायला लागतं.

पगाराचा विषय लोकांना आवडत नाही, पण टाळता येत नाही. ट्रिपवर पैसे दिले की माणूस ट्रिपा वाढवणार. त्याच्या घरीही खर्च आहे. महिन्याचा ठरलेला पगार आणि मुक्कामाचा भत्ता असला की तो रात्री थांबायला तयार होतो. ‘झोप येऊन राहिली होती साहेब, म्हणून थांबलो’ असं सांगणाऱ्याचे पैसे कापणार असाल, तर बाकीच्या सगळ्या सूचना गुंडाळून ठेवा. डोळ्यांची आणि साखरेची तपासणी वर्षातून एकदा करा. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही हे कळतं, रात्रीचं दूरचं कमी दिसायला लागलं हे उशिरा कळतं. आणि चष्मा लागला म्हणून नोकरी जाणार नाही हे आधी सांगा, नाहीतर कोणी तपासायला येणार नाही.

शेवटी एक प्रश्न आला होता तो घेतो. इथल्याच एका गाडीमालकांनी विचारलं, ‘आम्ही सगळ्या गाड्यांना जीपीएस बसवला, मग अजून काय करायचं?’ चांगलं केलं. पण तो बघतो कोण, आणि काय बघतो? बहुतेक ठिकाणी गाडी कुठे थांबली, डिझेल कुठे गेलं, एवढंच बघतात. थांबलेली गाडी दिसली की फोन जातो, ‘काऊन थांबला?’ तुम्ही उलटं करा. पाच तासांत न थांबलेली गाडी कोणती, ते रोज सकाळी बघा. रात्री १२ ते ५ मध्ये कोणती गाडी रस्त्यावर होती, आणि तिला त्या वेळी कोणाच्या सांगण्यावरून सोडली, ते लिहा. त्या रकान्यात महिनाभर कोणाचं नाव येतं ते आधी पाहा, मग पुढचं बोलू.